डोक्यात कुणी नसतं

"पुन्हा पोटावर!" आत्या ओरडली आणि कानांवरचा हेडफोन काढून तिने टेबलावर आपटला. मग लगेच उचलून परत घातला, कारण पलीकडून भिंगरी काहीतरी सबब सांगत होती आणि ती ऐकायलाच हवी होती.

"ऊन डोळ्यांवर आलं होतं, आत्या."

"कुणाच्या डोळ्यांवर?"

"माझ्या."

"तुझ्या डोळ्यांवर ऊन येईलच कसं? तू कुठे बसली आहेस?"

पलीकडे नुसती खरखर.

"सांग की. कुठे बसली आहेस?"

"पोटात."

"कुणाच्या?"

"यंत्राच्या."

"आणि डोक्यात कोण बसलंय?"

"कुणी नाही."

"मग हात कुठे गेला होता?"

 उत्तराची गरजच नव्हती. टेहळणीच्या खोलीच्या काचेतून खालचं सगळं दिसत होतं. जुने मालाचे कंटेनर एकावर एक रचून सरावासाठी खोट्या गल्ल्या केल्या होत्या. त्यांतल्या सगळ्यात अरुंद गल्लीत दुमजली घराएवढं एक यंत्र उभं होतं. एक हात चेहऱ्यासमोर आडवा धरलेला, मान एका बाजूला झुकवलेली, जणू कुणी चेंडू फेकून मारलाय आणि ते चुकवतंय. पोटावर मात्र सरावाच्या रंगगोळ्याचा भला मोठा पिवळा डाग.

"ये शेडमध्ये. आणि विमान होऊन ये. मिरवत चालत येऊ नकोस."

"आले, आले."

आत्या का वैतागायची ते कळायला या यंत्रांविषयी थोडं सांगायला हवं. बंदराबाहेरच्या समुद्रात, एका जुन्या लढाईतली, चालक नसलेली यंत्रं तळाशी पडून होती. लढाई कधीच संपली, लढणारेही गेले, पण त्या यंत्रांना 'पुरे आता' म्हणून सांगणारं कुणी उरलं नाही. अधूनमधून त्यांतलं एखादं जागं व्हायचं, वर यायचं आणि बंदरात घुसायचं. लोक त्यांना 'भटकी' म्हणत. त्यांना अडवण्यासाठी रक्षक दलाकडे रूप बदलणारी लढाऊ विमानं होती.

रूपं तीन. पहिलं विमानाचं. भराभर पोचायचं, भटक्याला समुद्रावरच गाठायचं, आणि नाही जमलं तर तितक्याच वेगाने पळून यायचं, हे त्याचं काम. शेवटचं रूप माणसाचं, हात-पाय-धड-डोकं असलेलं. कोसळलेली तुळई उचलणं, गल्लीत शिरणं, दार उखडून आतल्या लोकांना बाहेर काढणं, ही कामं हातांशिवाय होत नाहीत. आणि या दोहोंच्या मधलं रूप म्हणजे धड विमान नाही आणि धड माणूसही नाही. विमानाच्या पोटाखालून दोन पाय निघालेले, गुडघे मागच्या बाजूला मुडपलेले, पंखांखाली दोन हात लोंबणारे. सरकारी कागदांत त्याला लांबलचक नाव होतं. दलात सगळे त्याला कोंबडी म्हणत, कारण ते तसंच दिसायचं.

कोंबडीला सगळे हसत. पण खरं काम तीच करते, असं आत्याचं म्हणणं होतं. विमानाला हवेत थांबता येत नाही. माणसाला धावता येत नाही, धावला तर रस्ता खचतो. कोंबडी पायांतून गरम हवा सोडत एका जागी तरंगते, मागे सरकते, आडवी सरकते, भरधाव येऊन पाय पुढे टाकून थांबते आणि बुडणाऱ्याला अलगद उचलते. शिवाय पोट खालच्या बाजूला, पायांच्या आडोशाला राहतं.

"माणूस व्हायचं ते हातांसाठी, थाटासाठी नाही," प्रत्येक नव्या तुकडीला ती सांगायची. "उभे राहिलात की तुम्ही सगळ्यात उंच, सगळ्यात संथ, आणि पोट सताड उघडं. काम झालं की लगेच मिटा."

सगळे माना डोलवायचे आणि यंत्रात बसल्या बसल्या पहिल्यांदा माणूस व्हायचे. तेही एक वेळ चाललं असतं. खरी चूक त्याच्या पुढची होती. चालकाची बैठक यंत्राच्या पोटात असते, सगळ्यात जाड पत्र्याच्या मागे. डोक्यात फक्त कॅमेरा. भटकी यंत्रं डोक्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, ती ऊब शोधतात, आणि ऊब पोटात. म्हणून हल्ला आला की हात पोटावर घ्यायचा, बस्स. इतकं सोपं. आणि तरीही हल्ला आला की शिकणाऱ्यांचा हात झटकन जायचा तो डोक्यापुढे.

इतरांची ही खोड महिना-दीड महिन्यात सुटायची. भिंगरीची सुटत नव्हती.

भिंगरी आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून घरात हे नाव पडलं. दलात भरती झाल्यावर पहिल्याच सकाळी भर रांगेतून तिने "ए आत्या!" अशी हाक मारली, आणि त्या दिवसापासून मिस्त्रीपासून साहेबांपर्यंत सगळेच तिला आत्या म्हणायला लागले. त्याचाही आत्याला राग होताच.

शेडमध्ये मिस्त्री पाण्याचा जाड पाइप धरून यंत्राचं पोट धूत होता.

"आत्या, हिच्या पोटाचा मूळ रंग कुठला होता हो? मी विसरलो."

"मलाही आठवत नाही," आत्या म्हणाली.

भिंगरी हेल्मेट काखेत धरून उभी होती. "एवढं काय त्यात? बाकी सगळं तर मला येतं."

ते मात्र खरं होतं. तिच्यासारखं विमान दलात कुणालाच उडवता येत नव्हतं. कोंबडी होऊन ती आडव्या वाऱ्यात अशी तरंगायची की खाली ठेवलेल्या बादलीतलं पाणीही हलू नये.

"बाकी सगळं येतं गं. पण बाकी सगळ्यात पोटाला भोक पडत नाही ना."

एवढ्यात साहेब आले. त्यांच्या हातात गुंडाळी केलेला मोठा कागद होता. "आत्या, अंतिम चाचणी येत्या सोमवारी. तिन्ही रूपांत जो पास होणार नाही, तो मालवाहू विमानांवर, कायमचा. वरून पत्र आलंय, आता सवलत नाही." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "आणि हे बघा, भरतीचं पोस्टर. यात आपल्या भिंगरीचं यंत्र घ्यायचं म्हणतोय. माणूस रूपात. कमरेवर हात."

"कमरेवर हात? म्हणजे पोट पुढे काढून?"

"रुबाब दिसतो हो, आत्या."

"साहेब, मी वर्षभर घसा फोडून एकच गोष्ट सांगतेय, आणि तुम्ही नेमकी तिच्या उलट गोष्ट छापून गावभर लावताय!"

"लोकांना कोंबडी बघून भरती व्हावंसं वाटत नाही," साहेब म्हणाले, आणि तेही खोटं नव्हतं.

ते गेल्यावर भिंगरी हळूच म्हणाली, "मी पोती वाहणार नाही, आत्या. इथून काढलंस तर मी घरी बसेन."

"मी काढत नाहीये."

"परीक्षक तूच आहेस."

"तू नाही, तुम्ही. आपण कामावर आहोत."

"परीक्षक तुम्हीच आहात," भिंगरी म्हणाली आणि हेल्मेट आपटून निघून गेली. आपटायची सवय घराण्यातलीच होती.

नेमका हाच आत्याचा पेच होता. नापास केलं तर पोरीचं उडणं संपलं. आणि सोमवारी नशिबाने हात बरोबर पडला, पास केलं, आणि पुढे खऱ्या गल्लीत तो चुकला, तर तिथे पिवळा रंग नसतो.

रविवारी आत्या भावाकडे जेवायला गेली. जेवणं झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. भाऊ पेपर वाचत होता, भावजय इस्त्रीचे कपडे लावत होती. आत्याने कोचावरची उशी उचलली आणि काही न बोलता भावाच्या अंगावर फेकली.

भावाचा हात झटकन डोक्यापुढे गेला. उशी पोटावर आदळली.

"अगं ताई! काय हे?"

आत्याने दुसरी उशी भावजयीवर फेकली. तिचेही दोन्ही हात तोंडासमोर. "वन्सं, चष्मा आहे माझा!"

"बघ," आत्या भिंगरीकडे वळून म्हणाली, "तुझा दोष नाही. अख्खं घरच असं आहे."

"घर कसलं? सगळं जग असंच आहे," भाऊ उशी कोचावर ठेवत म्हणाला. "डोकं नाही झाकायचं तर काय झाकायचं? माणूस डोक्यातच राहतो."

"हो, पण ती नाही ना राहत!"

"वन्सं, तिला जरा समजावून सांगा की," भावजय म्हणाली. "तुमचं ती ऐकते."

आत्या आणि भिंगरी दोघींनीही एकाच वेळी तिच्याकडे बघितलं. ती पुन्हा कपड्यांकडे वळली.

जिन्यातून उतरताना आत्याला एक युक्ती सुचली. दुपारी ती तडक शेडमध्ये गेली आणि मिस्त्रीला म्हणाली, "हिच्या यंत्राचं डोकं काढा."

"काढू? कुठे ठेवू?"

"कुठेही ठेवा. कॅमेरा खांद्यावर बसवा. डोकंच नसलं तर ही झाकेल काय?"

संध्याकाळी बिनडोक्याचं यंत्र गल्लीत उभं राहिलं. दिसायला अगदीच विचित्र दिसत होतं. साहेब ऑफिसच्या खिडकीतून बघत होते आणि फोनवर फोन करत होते, पण आत्या फोन उचलत नव्हती. सरावाच्या तोफेतून रंगाचा गोळा सुटला. यंत्राचा हात झटकन वर गेला, आणि जिथे आता काहीच नव्हतं त्या मोकळ्या हवेसमोर अगदी काळजीपूर्वक आडवा झाला.

पोटावर डाग.

आत्या हेडफोन ठेवून खाली निघाली. 

पायऱ्यांवर दगड बसला होता. दगड म्हणजे याच तुकडीतला एक मोठा, शांत मुलगा. काही विचारलं तर उत्तर द्यायला एवढा वेळ घ्यायचा की विचारणारा तोवर निघून जायचा, म्हणून हे नाव. तोही सोमवारी नापास होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं विमान पत्र्याच्या पेटीसारखं खडखडत जायचं आणि कोंबडी एका जागी ठेवायला सांगितली तर ती हळूहळू समुद्राकडे निघायची. मात्र गल्लीत उभं राहून त्याचा हात एकदाही चुकला नव्हता.

"तुझा हात बरोबर पोटावर कसा जातो रे?" आत्याने विचारलं. आजवर तिने चुकणाऱ्यांनाच प्रश्न विचारले होते.

दगडाने विचार केला. खूप वेळ केला. आत्या थांबली, कारण शिकवणाऱ्याला थांबता आलं पाहिजे.

"मला ते अंग वाटतच नाही," तो शेवटी म्हणाला. "कपाटात बसल्यासारखं वाटतं. कपाटाला हात आहेत, ते मी हलवतो. मी आत आहे हे मला माहीत असतं."

"आणि उडताना?"

"उडतानाही कपाटच वाटतं. म्हणून तर उडत नाही नीट."

आत्या त्याच्या शेजारी पायरीवर बसली. समोर मिस्त्री आणि भिंगरी मिळून डोकं पुन्हा बसवत होते. भिंगरी यंत्राच्या खांद्यावर सहज उभी होती, वाऱ्याबरोबर किंचित झुकत, आणि तिला ते कळतही नव्हतं. तिला ते यंत्र कधी कपाट वाटलंच नव्हतं. पंख तिचे, पाय तिचे. वारा पत्र्याला लागला की तिला तो स्वतःला लागल्यासारखा वाटायचा. म्हणून ती तशी उडायची. आणि म्हणूनच गोळा आला की ती स्वतःचं डोकं झाकायची. तिचं उडणं आणि तिची चूक एकाच मुळातून आलेली होती. हात सुधारायचा तर आधी तिला ते यंत्र परकं वाटायला लावायला हवं होतं.

"वर्षभर मी नेमकं काय करत होते?" आत्या मोठ्याने म्हणाली.

दगडाला वाटलं हा प्रश्न त्याला आहे. तो उत्तराचा विचार करत बसला आणि आत्या उठून गेली.

सोमवारी चाचणी झाली. साहेब स्वतः टेहळणीच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. भिंगरीने विमानात असं वळण घेतलं की साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मग ती पाय सोडून पाण्यावर तरंगली आणि लाटेवर हेलकावणारी कापडी बाहुली तिने फुलासारखी उचलली. मग गल्ली. ती उभी राहिली, रुबाबात. गोळा सुटला.

हात डोक्यावर, डाग पोटावर.

मागून दगड आला. त्याने बाहुली उचलताना तिच्याबरोबर पाण्यातला दिशादर्शक पिंपही उचलून आणला. गल्लीत मात्र गोळ्यामागून गोळा आला आणि प्रत्येक त्याच्या हातावर फुटला, पोट कोरडंच राहिलं.

"दोघंही मालवाहू," साहेब सुस्कारा टाकून म्हणाले. "वाईट वाटतं. पोस्टर छापायला गेलंय."

"साहेब, यंत्राला तिन्ही रूपं यायला हवीत, हा नियम आहे ना?"

"आहे."

"यंत्राला येतात. पण एकाच माणसाला तिन्ही यायलाच हवीत, असं कुठे म्हटलंय?"

"ते गृहीतच आहे, आत्या."

"कुणी धरलं गृहीत? दोन यंत्रं एकत्र पाठवा. गल्लीत दगड शिरेल. त्याला उभं राहू दे, उचलू दे, तो कपाटासारखा सुखरूप राहील. गल्लीच्या तोंडावर ही कोंबडी होऊन तरंगेल, राखण करेल, गरज पडली तर विमान होऊन निघेल. ती कधीच उभी राहणार नाही. तो कधीच एकटा समुद्रावर जाणार नाही."

"म्हणजे दोन अर्धे चालक?"

"तुमच्याकडे आत्ता शून्य आहेत."

साहेबांनी कपाळ चोळलं. "एक महिना. प्रयोग म्हणून. आणि तिचा माणूस व्हायचा दांडा सील करून टाका."

"सील नको. सील केलं तर ती ते उघडायच्याच मागे लागेल. मी तिला पाळण्यात असल्यापासून ओळखते."

सगळ्यात जास्त भडकली ती भिंगरीच.

"मला विचारलं का कुणी?" ती शेडमध्ये येरझारा घालत होती. "जन्मभर कोंबडी? मी? आणि हा गल्लीत माणूस होऊन उभा राहणार आणि मी बाहेर फडफडत बसणार?"

"फडफडत नाही, तरंगत," दगड म्हणाला.

"तू गप्प बस!"

"बरं."

"आत्या, तू मला शिकवायचं सोडून दिलंस. सरळ सांग ना."

हे आत्याला लागलं. ती चिडली की जास्तच हळू बोलायची, तशी बोलली. "तुला जे येतं ते मी मोडायला निघाले होते, ते सोडून दिलं. पोती नको म्हणालीस. हे घे. पण मला शब्द दे की उभी राहणार नाहीस."

"बघीन," भिंगरी म्हणाली.

"बघीन म्हणजे?"

"बघीन म्हणजे बघीन."

 आत्या घरी जाताना रस्ताभर ते 'बघीन' चघळत होती. सील लावायला हवं होतं, नको होतं, हवं होतं.

भटकं आलं ते गुरुवारी सकाळी, धक्क्यावर माल उतरत असताना. समुद्रावर गस्त घालणारी विमानं दुसऱ्या टोकाला होती, ती वळेपर्यंत ते गुदामांच्या रांगेत घुसलं होतं. एका गुदामाचं छत बसलं आणि आत हमाल अडकले. दगड आणि भिंगरी पोचले. आत्या टेहळणीच्या खोलीत हेडफोन दाबून बसली होती, शेजारी साहेब, स्पीकरवर ऐकत.

"आत शिरतोय," दगडाचा संथ आवाज आला. "तुळई आहे. जड आहे. उचलतोय."

"भिंगरी, कुठे आहेस?"

"गल्लीच्या तोंडावर. कोंबडीच आहे, काळजी नको." मग तिचा आवाज बदलला. "भटकं वळलं. इकडेच येतंय. त्याला दगडाची ऊब लागली."

"दगड, किती वेळ?"

दगडाने विचार केला. आत्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"अजून बाहेर येताहेत माणसं," तो म्हणाला. "तुळई सोडली तर छत पडेल."

गोळीबाराचा आवाज आला. "मारतेय, पण त्याच्या पुढच्या पत्र्यावर काही होत नाहीये," भिंगरी म्हणाली. धाप लागल्यासारखी. "आत्या, मी उभी राहिले तर गल्ली पूर्ण अडते. ते आत जाऊच शकणार नाही."

आत्याला माहीत होतं की हे खरं आहे. ते रूप गल्लीत बरोबर बसतं, बाटलीला बूच बसावं तसं. तोंड भटक्याकडे, पोट भटक्याकडे. आणि ही पोरगी हात कुठे नेणार तेही माहीत होतं. साहेब काहीतरी बोलत होते, तिला ऐकू येत नव्हतं.

"अडते," ती म्हणाली. "पोटाने अडते."

खरखर. दांडा भिंगरीच्या उजव्या हाताला होता, ओढायला क्षणही लागत नाही. आत्याने डोळे मिटले.

"मग काय करू?"

आयुष्यात पहिल्यांदा भिंगरीने हा प्रश्न विचारला होता. चालायला शिकताना विचारला नव्हता, सायकल शिकताना नाही, दलात येताना नाही.

"त्याला ऊब हवीय ना," आत्या भराभर बोलली, पण शब्द एकेक सुटा. "तुझ्या पायांतली हवा दगडापेक्षा गरम आहे. पाण्याच्या बाजूने अगदी जवळ जा. पाय त्याच्याकडे कर. पूर्ण सोड. आणि मागे सरक. घाई नको, त्याला मागे येऊ दे. पाण्यापर्यंत ने."

"मागे मागे?"

"तुझ्याइतकं मागे सरकायला कुणाला येतं?"

 पलीकडे पायांतल्या हवेचा कर्कश आवाज चढला, एवढा की साहेबांनी कान झाकले.

"येतंय," भिंगरी म्हणाली. "येतंय माझ्या मागे. शी, किती घाण दिसतं हे जवळून." तिच्या आवाजात आता धाप नव्हती. "क्रेन आहे मागे... गेले बाजूने. धक्का संपला. पाण्यावर आले. तेही उतरलं पाण्यात."

"आता विमान. नीघ तिथून!"

समुद्रावरची विमानं तोवर परतली होती. भिंगरी वर उसळली आणि त्यांनी भटक्याला उघड्या पाण्यात गाठलं. स्फोटाने खोलीची काच थरथरली.

"शेवटचा माणूस बाहेर," दगड म्हणाला. "तुळई खाली ठेवू का?"

"ठेव रे बाबा, ठेव," साहेब आत्याच्या माइकमध्ये तोंड घालून म्हणाले. मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी रुमालाने मान पुसली. "हे सगळं ठीक आहे, आत्या. पण कोंबडी उलटी पळतेय, याचं पोस्टर मी कसं करू?"

आत्याने माइक त्यांच्या तोंडासमोरून आपल्याकडे ओढला. 

"आत्या?" हेडफोनमधून भिंगरी.

"काय गं?"

"धक्क्यावर उतरू की तळावर येऊ?"

"तळावर ये."

"सरळ येऊ की बंदराला वळसा घालून?"

"सरळ ये की!"

"विमान होऊनच येऊ ना?"

"भिंगरी, तू आता प्रत्येक गोष्ट मला विचारणार आहेस का?"

"विचारलं नाही तरी ओरडता, विचारलं तरी ओरडता," भिंगरी म्हणाली. "तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

वर्षभरात पहिल्यांदाच, कुणी न सांगता, ती कामावर 'तुम्ही' म्हणाली होती. ते आत्याच्या लक्षात आलं ते नंतर, यंत्र उतरल्यावर, जेव्हा ती पायऱ्यांवरून धावत खाली निघाली होती आणि मिस्त्री मागून ओरडत होता की आत्या, जपून, हेडफोनची वायर अजून गळ्यातच आहे.